अक्कांचा अ‍ॅनिमोनीचा वाफा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही — देवापुढं हात जोडतानासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलत आले. तसं माझं तोंड काही लहान नाही, अख्ख्या कसबा बावड्याला ठाऊक आहे. पण इथं आलं की दातखीळ बसते. आज मात्र ठरवलंय. आधी तुम्हाला सांगते, आणि संध्याकाळी अक्का भाजी निवडायला बसल्या की त्यांनाही सांगणार. आता मागं फिरणं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर निपाणीकडचं, म्हणून जाऊबाई नाही, अक्का. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्यांचा भाऊ सिमल्याला फिरून आला आणि बहिणीसाठी फुलांचे कंद घेऊन आला. अ‍ॅनिमोनी म्हणे! पुडीवर चित्र होतं — लाल, जांभळी फुलं, मधोमध काळाभोर डोळा. आत मात्र काय? सुंठीच्या तुकड्यांसारखे वाळके, वेडेवाकडे खडे. वरची बाजू कुठली न् खालची कुठली, कळता कळेना. अक्कांनी ते पाण्यात भिजवले, फुगल्यावर आडवेच लावून टाकले. "फुटायचं ते फुटंल की आपल्या वाटंनं," म्हणाल्या.

लावले कुठं? हौदाजवळच्या वाफ्यात. तिथं माझी शेवंती होती, माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. मला न विचारता त्यांनी ती उपटली आणि उकिरड्यावर टाकली. हे कारण म्हणून सांगते — सबब म्हणून नाही. शेवंती काय, परत लावता आली असती.

आणि आता मामा. मामा म्हणजे आमचे सासरे. जन्मभर उसाला पाणी पाजलेला माणूस. गुडघे गेले, शेत सुटलं, पण हातातलं खोरं सुटलं नाही. परसात त्यांनी बारके पाट काढले होते — हौदाचं पाणी नारळाला, केळीला, अळवाला. त्यांना वाटायचं, जे जे हिरवं ते ते तहानलेलं. म्हणून अक्कांनी त्यांना बजावलं होतं, "मामा, ह्या वाफ्यात पाणी सोडू नगा. ह्यो ऊस न्हवं. कंद कुजत्यात." मामांनी लगेच त्या वाफ्याचं तोंड चिखलानं लिंपलं, वर दगड ठेवला. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता.

थंडी पडली आणि कोंब आले. कोथिंबिरीसारखी नाजूक पानं. अक्का शेजारणींना हाताला धरून आणायच्या, दाखवायच्या. माझ्या पोटात दुखायचं — दुसरा शब्द नाही त्याला.

दुपारी सगळी जेवून आडवी झाली की मी परसात जायचे. दगड बाजूला करायचे, चिखल मोडायचे. पाणी वाफ्यात शिरायचं. आमची माती काळी, एकदा पाणी धरलं की सोडत नाही. चहाच्या आधी तोंड परत लिंपायचं, दगड जागच्या जागी. हे एकदा नाही केलं. पानं पिवळी पडेपर्यंत करत राहिले. मग रागाच्या भरात झालं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

अक्कांनी एक कंद उकरला. हातात नुसता लगदा आला, घाण वास सुटला. त्या मामांवर ओरडल्या, शेजारपाजार गोळा होईल अशा. "मामा! ऊस वाटला व्हय तुमाला ह्यो? किती येळा सांगायचं?"

मामांचा आवाज आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा. मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेणार. तुम्हालाही तसंच वाटलं असतं ना? पण ते त्या दगडाकडं बघत राहिले. मग एवढुशा आवाजात म्हणाले, "सोडलं असंल माझ्याकडनं. ध्यानात ऱ्हाईना अलीकडं." आणि खोरं आणून माझ्या हातात दिलं. "आता तूच बघ पाणी."

मी ते घेतलं. घेतलं हो!

त्या दिवसापासून घरात एक वाक्य सुरू झालं — मामांचं आता काही खरं नाही. थोरल्या दिरांनी त्यांना एकट्याला बाहेर सोडणं बंद केलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मामांना ते पटलं. कडी लावायचे आणि परत येऊन बघायचे, लावली का. धडधाकट डोक्याचा माणूस स्वतःवरचा विश्वास घालवून बसला, आणि मी त्यांना वेळच्या वेळी चहा देत राहिले. काय चांगली सून म्हणून नाव झालं माझं!

अक्कांनी पुन्हा कंद लावले नाहीत. मामांच्या फोटोला हार घालताना त्या आजही रडतात. "देवमाणसाला चारचौघांत बोलले गं मी," म्हणतात. मी शेजारी उभी राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवते.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण सांगायचं तर पुरतं सांगायचं.

मामा गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. परसात उन्हाला बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी धुणं वाळत घालत होते. एकदम म्हणाले, "पोरी, तवा त्या वाफ्यात पाणी मीच सोडलतं न्हवं? लई डोकं लावलं, पर काय केल्या आठवंना."

एक "न्हाय" म्हणायचं होतं. अक्का नव्हत्या, दीर नव्हते, ऐकायला कावळासुद्धा नव्हता. मामा रागावलेसुद्धा नसते.

मी म्हणाले, "व्हय मामा. तुमीच."

त्यांनी मान हलवली. "मग बरं," म्हणाले. "तू म्हणतीस म्हंजे खरंच असंल."

तुम्ही नव्हता, मामा. मी होते.