आत्याची ओवी ठोक्यावर बसेना

डीजे म्हटलं की आमच्या विंझरमध्ये लोकांच्या डोळ्यांसमोर टेम्पोवर रचलेले स्पीकर येतात आणि त्यांच्यामागं काळा चष्मा लावलेला बाप्या. वेणी घातलेली मुलगी कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. मला तेच बदलायचं होतं, आणि मी हट्टी आहे.

गाणी बनवायचं सॉफ्टवेअर मी व्हिडिओ बघून शिकले. घरात रेंज नाही, म्हणून देवळाच्या पारावर बसून व्हिडिओ मोबाईलवर उतरवायचे आणि घरी मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपवर तसंच करून बघायचं. सुरुवातीला माझा ढोल पत्र्यावर चिंचा पडल्यासारखा वाजायचा. कानाला हेडफोन असायचे, त्यामुळं पोरगी अभ्यास करतेय असं आईला बरेच दिवस वाटत होतं.

मग दादाचं लग्न ठरलं. हळदीला वडील नेहमीचा डीजे सांगणार होते, तेवढ्यात हिर्डोशीला दिलेली माझी आत्या मध्ये पडली. "घरातली पोर यवढं शिकलीया, आन् भाईरचा कशाला? तिला वाजवू द्या." आत्यापुढं वडिलांचं काही चालत नाही. त्यांनी मला मात्र बजावलं, "फजिती झाली तर हे खूळ बंद. लॅपटॉप परत द्यायचा." हळद दादाची आणि परीक्षा माझी, असा तो प्रकार होता.

आमच्याकडं लग्नाआधी बायका जात्यावर हळद दळताना ओव्या म्हणतात, एकेका नातलगाची एकेक. मामाची, मावशीची, चुलतीची. आपली ओवी येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. आत्या आधीच येऊन राहिली होती, तेव्हा मी सगळ्याजणींना बसवून त्या ओव्या रेकॉर्ड केल्या आणि खाली दणदणीत ढोल घातला. पण सॉफ्टवेअरला सगळं एकाच वेगात लागतं आणि बायका जातं फिरेल तशा गातात. मी ओव्या ताणून, चेपून ठोक्यावर बसवल्या. एक काही केल्या बसेना, ती कापून टाकली. ट्रॅक कसा गुळगुळीत झाला. मी स्वतःवर जाम खूश होते.

हळदीच्या दुपारी मांडवात ट्रॅक सुरू झाला. स्पीकरमधून स्वतःचेच आवाज ऐकून बायका हसत सुटल्या. ज्याची ओवी लागेल त्यानं पुढं येऊन नाचायचं, असं न सांगताच ठरून गेलं. मामा नाचला, मावशी नाचली. आत्या पदर खोचून तयार उभी होती. ट्रॅक संपला, पण तिची ओवी आलीच नाही. कापलेली ओवी कुणाची होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. कापताना मी ती कानानं ऐकलीच नव्हती, स्क्रीनवरची वाकडी रेघ म्हणून नुसती बघितली होती.

आत्या पदर सोडून खुर्चीवर जाऊन बसली. "आमी काय, लांबची माणसं," ती शेजारणीला म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. वडील माझ्याकडं बघत होते. लॅपटॉप जाईल तो जाईल, पण जिनं माझी बाजू घेतली तिचं तोंड उतरलेलं मला बघवेना.

मी माईक नेऊन तिच्या हातात दिला. "आत्या, तुझी ओवी मशीनला झेपली न्हाई. तूच म्हण."

"आन् तुझं ढमढम?"

"ते तुझ्या मागनं येईल."

तिनं जरा आढेवेढे घेतले आणि सूर लावला. मी ट्रॅक पुन्हा लावला, रेकॉर्ड केलेले आवाज बंद करून नुसता ढोल ठेवला आणि लॅपटॉपवरच्या वेगाच्या पट्टीवर बोट ठेवून तिच्या मागं पळत सुटले. ती रेंगाळली की वेग कमी, तिला जोर चढला की जास्त. मी चुकले की ती गाता गाताच डोळे वटारायची. हळूहळू सगळा मांडव उठला. ओवी संपली तरी आत्या माईक सोडेना. तिनं तिथल्या तिथं एक नवी ओवी रचली, ढोल वाजवणाऱ्या भाचीची.

आता पुढं येऊन मी नाचायला हवं होतं. पण पट्टीवरचं बोट काढलं असतं तर आत्याचा ताल सुटला असता. मी डोळे पुसत तिथंच वाजवत राहिले, आणि माझ्या वाटचं वडील नाचले.