साडूंची तोंडी परीक्षा

माझ्या साडूंनी मला जितक्या वेळा नापास केलं, तितक्या वेळा शाळा, कॉलेज आणि सासुरवाडी या तिन्ही ठिकाणी मिळूनसुद्धा कोणी केलं नसेल. आणि तेही जावास्क्रिप्टमध्ये. हे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चौक गावाजवळच्या एका खेड्यात भाताची शेती करतात. साजगावच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर, इतर लोक गुडघ्यांना लावायचं तेल शोधत फिरतात त्या वयात, हे गृहस्थ मोबाइलवर बघून संगणकाला आज्ञा लिहायची ही भाषा शिकले. शिकले तर शिकले, पण मग ती शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला कितपत समजली आहे हे तपासायचा त्यांना नादच लागला.

त्यांच्या परीक्षेत संगणक नसतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरात चार-पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. उमेदवाराला ओटीवर बसवायचं, एकेका ओळीवर बोट ठेवायला लावायचं आणि विचारायचं, "आता काय झालं, सांग." उत्तर चुकलं तर ते म्हणतात, "कशावरून?" आणि बरोबर आलं तरी तेच म्हणतात. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायची सोय नाही. शेवटी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'समजलं' किंवा 'अजून नाय' एवढंच लिहून देतात. माझ्याकडे दुसऱ्या प्रकारच्या कागदांची रद्दी घालण्याइतकी थप्पी आहे. एका साखरपुड्यात तर त्यांनी नव्या इंजिनिअर जावयाला भर पंगतीत गाठलं. "पाच किलो तांदूळ हाय. त्यात पाच आकडा लिवलेली चिठ्ठी मिळवली. किती झालं?" जावई म्हणाला, दहा. "नाय. पंचावन्न. चिठ्ठी दिसली की ही भाषा बेरीज करत नाय, शेजारी नेऊन चिकटवते." जावयाने त्यानंतर जिलबीला हात लावला नाही.

मी या तडाख्यात सापडलो तो गरजेपोटी. मी साजगावलाच दुसऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. ते स्टोअर बंद झालं आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी भिसेगावच्या घरात दुपारी झोपणारा माणूस झालो. तेवढ्यात कळलं की कर्जतमध्ये नवशिक्यांसाठी जावास्क्रिप्टचा वर्ग निघतोय आणि शिकवायला माणूस हवा आहे. त्यासाठी एक चाचणी होती. मुलीच्या डिप्लोमाच्या वह्या चाळून मला थोडं येत होतं, म्हणजे बघून उतरवून काढता येत होतं. उरलेलं येण्यासाठी मी दर रविवारी साडूंच्या ओटीवर हजर होऊ लागलो.

माझ्या अज्ञानाचा सर्वोच्च क्षण भात मापायच्या दिवशी आला. अंगणात रास पडली होती आणि साडू मला यादी शिकवत होते. यादीतल्या पहिल्या वस्तूला ही भाषा शून्य क्रमांक देते, असं त्यांनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "भाऊ, म्हणजे हा आपला लाभच की," मी म्हणालो. साडूंचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला. "बरं, मग दुसऱ्या वस्तूचा नंबर किती?" मी छाती काढून सांगितलं, "दोन." अंगणातही लाभनंतर दोनच आलं होतं. बिचारा एक मी मधल्यामधे गिळून टाकला होता. साडू उठले. मग त्यांनी आतून एक वही आणली आणि माझं उत्तर तारखेसकट लिहून घेतलं. वहीत सगळ्यांच्या नुसत्या चुका होत्या. "ही चूक मुंबईचा मानूस जन्मात करनार नाय," ते कौतुकाने म्हणाले. "चूक जपली पायजे रं. बरोबर उत्तर काय, पाठ पन करता येतं."

चाचणीच्या दिवशी मी कर्जतच्या त्या वर्गात जाऊन बसलो आणि बघतो तर शेजारच्या संगणकावर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून साडू बसलेले. "भाऊ, तुम्ही?" मी विचारलं. "बघू या म्हटलं," असं म्हणून ते पडद्याकडे वळले. त्यांना ती जागा किती हवी होती हे मेव्हणीने मला नंतर सांगितलं. महिनाभर ते घरात त्याच एका गोष्टीबद्दल बोलत होते, की बाकांवर पोरं बसलेली असतील आणि आपल्याला कोणाला लग्नात गाठून विचारावं लागणार नाही.

तासाभरात तीस प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. जिथे येत नव्हतं तिथे मी तिसरा पर्याय टिचकवत गेलो आणि एकवीस बरोबर आले. साडूंनी नऊ प्रश्न सोडवले. नऊच्या नऊ बरोबर. दहाव्यावर त्यांचा तास संपला, कारण त्यांच्या मते त्यातले दोन पर्याय आपापल्या परीने खरे होते आणि कोणता, कधी, हे विचारायला यंत्रासमोर कोणी नव्हतं. शिक्षक म्हणून माझी निवड झाली.

खरा शिक्षक शेजारी बसला होता, हे तिथल्या लोकांना मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. घरात पगार हवा होता हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. पास झाल्याचं सुख मला फार वर्षांनी मिळालं होतं आणि ते माझ्याने सोडवेना. याची मला लाज वाटते, अजून वाटते.

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला आणि साडू दारात उभे राहिले. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. "मागच्या बाकावर बसू दे रं," ते म्हणाले. "पोरं कुठं अडतात ते बघायचंय." रीतसर फॉर्म भरून ते माझे विद्यार्थी झाले. मी फळ्यावर चुकतो तेव्हा ते मान खाली घालून वहीत बघत राहतात, पोरांना कळू देत नाहीत.

रोज हजेरी घ्यावी लागते. ते उशिरा आले म्हणून त्यांचं नाव यादीत शेवटी आहे. बाकीची नावं मी बसून वाचतो, त्या नावाला माझ्याने बसवत नाही. मी उभा राहून नाव वाचतो, मागे ते उभे राहतात आणि "हजर, सर" म्हणतात. त्यात चेष्टेचा लवलेशही नसतो. असता तर बरं झालं असतं.