पोहता येत असल्याचा दाखला

माझा मामा जुन्या हायवेला चौक गावात ताडपत्री शिवतो. ट्रकची, टेंपोची, भाताच्या उडव्यावर पावसात टाकायची. दर रविवारी मी त्याच्या दुकानात चहाला जाते आणि दर तीन-चार रविवारांनी तो मला एकच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाने माझं डोकं जे तापतं ते सोमवारी कारखान्यात गेल्यावरही उतरत नाही. तीन पावसाळे झाले, तरी नाही. ते शांत व्हावं असं मला वाटतही नाही.

मी खालापूरजवळ एका कारखान्यात आहे. तिथे फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनतात आणि त्या गळत नाहीत ना, हे मी तपासते. बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. कॉलेजात असताना कॅडेटांच्या शिबिरात मी शिडाची छोटी होडी चालवायला शिकले. दोन माणसांची होडी. एकाने सुकाणू आणि मोठं शीड धरायचं, दुसऱ्याने पुढचं शीड सांभाळायचं आणि वारा वाढला की होडीबाहेर ओणवून आपल्या वजनाने तिला सरळ ठेवायचं. नोकरी लागली आणि ते सुटलं. मग एक दिवस कारखान्यात भंगारात तसलीच एक होडी आली. कुठल्याशा क्लबने टाकून दिलेली, तळाला हातभर चीर. ती मी साहेबांना विचारून घरी नेली.

चीर मी भरली. तो माझाच धंदा. बाकी सगळं मामाने केलं. फाटलेलं शीड त्याने ट्रकच्या हुडाच्या मशिनवर शिवलं. पहिल्यांदा ताडपत्रीसारखं अगदी ताठ शिवलं, एक सुरकुती नाही. मी म्हटलं, "मामा, शिडाला पोट लागतं, वारा बसायला." त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "आसं?" म्हणाला, आणि सगळी शिवण उसवून परत शिवली. होडीबाहेर ओणवताना पाय अडकवायचे पट्टे त्याने मालाच्या ट्रकच्या पट्ट्यांचे केले. सगळं झाल्यावर विचारलं, "दुसरा माणूस कोन हाय तुज्याबरोबर?"

"अजून कोणी नाही."

"वजनच पायजे ना? मग मी काय मेलो काय गं?"

दोन हिवाळे आम्ही तलावात सराव केला. मामा पन्नाशीचा. वाऱ्याची झुळूक त्याला माझ्याआधी कळायची, कारण आयुष्यभर रस्त्याकडेला उडणारं कापड धरून बसलेला माणूस तो. त्याला समुद्रात जायचं होतं. बक्षीस नको, काही नको. "येकदा खाऱ्या पान्यात," एवढंच म्हणायचा. म्हणून मी किनाऱ्यालगतच्या एका शर्यतीत नाव घातलं.

चार पानांचं इंग्रजी नियमपत्रक आलं. होडी उलटली तरी तरंगली पाहिजे, तळाला भगवा रंग हवा म्हणजे लांबून दिसेल, शिट्टी, वल्हं, ओढायची दोरी, दोघांची लाइफ जॅकेटं. माझा नियमांवर राग नाही. मी स्वतः दिवसभर टाक्या तपासते. तपासल्याशिवाय माल बाहेर सोडायचा नसतो हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही होडी तलावात चार वेळा उलटी केली आणि चार वेळा सरळ केली. मामाने शिट्टी गळ्यात घातली ती तीन दिवस काढली नाही. गिऱ्हाइकालाही वाजवून दाखवायचा.

शेवटी दोघांना पोहता येत असल्याचा पुरावा. माझ्याकडे शिबिराचं प्रमाणपत्र होतं. मामाला मी म्हटलं, "तुला पोहता येतं असा दाखला लागेल."

इथे माझी चूक झाली. ती पुढे येईल.

दाखला म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस कुठे जातो? जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, जन्माचा, सगळे दाखले आम्ही ज्या कचेऱ्यांतून काढले, तिथेच जाणार. मामा ग्रामपंचायतीत गेला. सरपंच बाई शाळेत त्याच्या वर्गात होत्या.

"पवतो आसा दाखला?" त्या म्हणाल्या. "आरं, तू पुराच्या पान्यातून म्हशी काढल्यास, आख्ख्या गावाला माहीत हाय. कशाला पायजे?"

"समुद्रात जायचंय."

"बुडलास तर दुसरा दाखला लागंल. तो पन हितंच मिळतो रं."

हे त्याने मला हसत हसत सांगितलं. आणि कागद आणला. लेटरहेडवर, जावक क्रमांकासकट, गोल शिक्का. 'दाखला देण्यात येतो की, सदर इसम हे या गावचे कायमचे रहिवासी असून त्यांस लहानपणापासून पोहता येते, हे मी व्यक्तिशः जाणते. मागणीवरून दाखला दिला असे.' मी वाचला आणि मला तो बरोबर वाटला. पदवीधर बाई मी, मला बरोबर वाटला.

होडी टेंपोत आडवी बांधून, डोलकाठी मागे हातभर बाहेर काढून आणि तिला मामाचं लाल फडकं लावून आम्ही पहाटे निघालो. किनाऱ्यावर मंडपात क्लबची माणसं तपासणीला बसली होती. होडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक वस्तू हातात घेतली. पाय अडकवायच्या पट्ट्यावर तो स्वतः उभा राहिला, हिसके दिले. पट्टा हलला नाही. "कुठून करून घेतलं हे?" त्याने विचारलं. मी मामाकडे बोट दाखवलं. त्याने मान डोलावली आणि खूण केली. पास. शीड पास, दोरी पास, तळ पास.

मग कागदांचं टेबल. तिथे पांढऱ्या टोपीचा एक साहेब होता. त्याने मामाचा दाखला वाचला, आणि मग शेजारच्याला दिला. शेजारच्याने मोठ्याने वाचला. "सदर इसम!" तो म्हणाला, आणि टेबलाभोवतीची सहा-सात माणसं हसली. नुसतं हसू नाही, खुर्चीत मागे रेलून हसू. कागद हातोहात फिरला. एकाने शिक्क्यावर बोट ठेवून काहीतरी इंग्रजीत म्हटलं, जे मला कळणार नाही असं त्याला वाटलं.

मामालाही हसू आलं. त्याला वाटलं, सरपंच बाईंसारखीच ही माणसं मजा करतायत.

मग त्यांतला एकजण फोन घेऊन उठला. "काका, जरा कागद धरा ना असा. एक फोटो."

मामाने लगेच टोपी सरळ केली. शर्टाचं वरचं बटण लावलं. कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि ताठ उभा राहिला. आधारच्या फोटोला उभा राहिला होता अगदी तस्सा. त्याला वाटलं हा तपासणीचाच भाग. फोटो काढून झाल्यावर त्याने विचारलं, "डोलं मिटलं नाय ना सायेब?"

ते परत हसले.

मी फोनवाल्यासमोर गेले. "फोटो काढून टाका."

"अहो मॅडम, क्यूट आहे हो. चिडता कशाला?"

"चिडले नाही अजून. काढून टाका."

तो बोट फिरवून म्हणाला, टाकला काढून. मी पाहिलं नाही. तिथे मी त्याच्या हातातून फोन ओढून घ्यायला हवा होता.

पांढऱ्या टोपीचा साहेब म्हणाला, "हे चालणार नाही. जलतरण तलावाचं सर्टिफिकेट हवं. हवं तर आमच्यातला एक मुलगा देतो तुमच्यासोबत, शर्यत चुकू नका." म्हणजे मामाने शिवलेलं सगळं पास आणि मामा नापास. मामा माझ्याकडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "जा तू, बाय," म्हणाला. "मी बघतो हितून."

तेव्हा मी पत्रक काढलं. तिसरं पान. प्रमाणपत्र, किंवा अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष पोहून दाखवणे. हे वाक्य मी घरी वाचलेलं होतं. दोनदा वाचलेलं होतं. आणि मामाला त्यातलं अर्धंच सांगितलं, कारण मला वाटलं, कागद असलेला बरा. माणसाने स्वतः दाखवलेलं आपलं कोण मानतं? कागद मानतात. कॉलेजने मला हे शिकवलं म्हणा, नाहीतर कचेऱ्यांनी. त्या टेबलावरच्या माणसांवर आहे तितकाच माझा स्वतःवर राग आहे तो याचा.

मी ते वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, इंग्रजीत, सावकाश, जसं त्यांनी 'सदर इसम' वाचलं होतं तसं. टोपीवाला म्हणाला, "तपासणी बंद व्हायला वीसच मिनिटं आहेत."

"त्याला वीस लागत नाहीत."

मामाने मला विचारलं, "म्हंजी नुसतं पवून दाखवायचं? मग आधी का नाय सांगितलंस गं?"

मी पत्रकाची घडी केली.

त्याने टोपी, शर्ट आणि शिट्टी माझ्या हातात दिली आणि धक्क्यावरून उडी मारली. मामा तलावात शिकलेल्यांसारखा पोहत नाही. मान वर, पाण्याला पाठ न दाखवता, म्हशीच्या मागे जावं तसा. हात जास्त हलत नाहीत. शर्यतीच्या खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पहिल्या बोयाला गेला, दुसऱ्याला वळसा घातला, कुणी सांगितलं नसताना तिसऱ्यालाही घातला, आणि धक्क्याला येऊन थुंकला. "लयच खारट हाय," म्हणाला. पट्ट्यावर उभा राहिलेला तो पहिला अधिकारी पुढे आला, त्याने हात देऊन मामाला वर घेतलं आणि टोपीवाल्यासमोर सही केली. तो हसलेल्यांत नव्हता, हे मी लिहून ठेवते.

शर्यत आम्ही पुरी केली. आमच्या मागे दोन होड्या होत्या. वारा वाढला तेव्हा मामा पट्ट्यांत पाय अडकवून पाठीपर्यंत बाहेर झोकला गेला, तोंडावर लाट घेत ओरडला, "ये, अजून ये!" तो लाटेला म्हणत होता. त्याला हवं ते त्याला मिळालं. सरपंचांचा कागद मी टेबलावरून मागून घेतला, फाइलला हवा म्हणत होते तरी. तो माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्येच आहे, त्याच्या वर.

आणि फोटो? कुठल्या कुठल्या फोनवर तो फिरला असेल, कोण कोण हसलं असेल, मला माहीत नाही. मामा तेवढंच विचारतो. दुकानात लावायचाय त्याला, मशिनच्या वर.

गेल्या रविवारीही विचारलं. "त्या सायबानी फोटो नाय पाठवला काय गं?"

"नाही, मामा."

"डोलं मिटलं आसतील माजं. म्हून नसंल पाठवला."

"नाही. तुझे डोळे उघडे होते," मी म्हटलं. "चांगले उघडे होते."

"मग पाठवायला काय झालं त्यानला?" असं म्हणून त्याने मशिन सुरू केलं.