शेजारच्या वेलीला दिलेलं फूल

१४ ऑगस्ट. भोपळ्याच्या वेलीची सुकी पानं काढताना हिरव्या पानांवर पिवळे चट्टे दिसले. पानांचा फोटो पाहून शेतकी शिकलेली भाची फोनवर म्हणाली, "मावशी, हा विषाणू परागातही वाढतो, तिथून बियांत उतरतो."

मी चरकले. शेजारच्या सुमनवहिनींकडे त्यांच्या आईच्या बियाण्याची शेवटची वेल आहे. तिला फळ धरेना, म्हणून गेल्या आठवड्यात मीच माझ्या वेलीचं नरफूल दिलं होतं, आणि एक फळ धरलंही होतं. किती टवटवीत होतं ते फूल! आपण काय घेऊन चाललोय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

१५ ऑगस्ट. सकाळी वहिनींना सांगितलं. "अहो, आत्ता कुठे बाळसं धरलंय त्याने," म्हणत त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली. मी फळ कापलं. मग मागच्या आळीतल्या वेलीचं पानन्‌पान तपासून नरफूल आणलं आणि त्यांच्या नव्या मादीफुलाला लावलं.