जावेचा फ्लॉपीचा कॅमेरा

अगं ये, अशी दाराजवळच्या खुर्चीवर परक्यासारखी काय टेकतेस? जवळ ये. आणि तो फोन जरा बाजूला ठेव बघू. मघापासून बघतेय, फोटो उघडत नाही म्हणून त्याच्यावर बोट आपटतेयस. आपटून फोटो उघडत असते तर माझ्या धाकट्या जावेचे कधीच उघडले असते. मामीचं ऐकावं कधीतरी. कॉफी घे आणि ऐक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही इथेच बेंगळुरात, जयनगरात. जाऊ हेब्बाळला. तेव्हाचं हेब्बाळ म्हणजे गावाबाहेर, तिच्या अंगणात नारळ आणि पलीकडे तळं. तिचा मुलगा अमेरिकेत. माझी मुलगीही लग्न होऊन तिकडेच, दुसऱ्या गावी. तिचा मुलगा सुट्टीवर आला आणि जाताना आईला कंप्युटर बसवून, ई-मेल शिकवून गेला. वर एक कॅमेरा दिला, फ्लॉपीचा. तू फ्लॉपी पाहिलीही नसशील. तळहाताएवढी चौकोनी चपटी डबी, एका कडेला सरकतं पत्र्याचं झाकण, आत काळी पातळ तबकडी. ती कॅमेऱ्यात सरकवायची, बटण दाबायचं, आत कुर्र कुर्र वाजायचं आणि फोटो त्या तबकडीवर. मग तीच फ्लॉपी कंप्युटरात घालायची नि फोटो अमेरिकेला. रीळ नको, स्टुडिओ नको.

कॅमेऱ्याचं मला काही नव्हतं गं. मला जाळलं ते ई-मेलनं. मुलगी मला फोन करायची तो पंधरवड्यातून एकदा, आणि "जेवलीस का, बरी आहेस का" म्हणेपर्यंत ठेवायचीसुद्धा. काकूला मात्र सारखी पत्रं. काकू, आज इथे थंडी आहे. काकू, रसम बिघडलं, काय करू? रसम मी शिकवलं तिला! आणि विचारते कोणाला?

एक दिवस जावेचा फोन. "अक्का, तोंड गोड कर! आजी होणार तू!"

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच की. मला लिहिलंय, आईला लगेच कळव म्हणून."

"हो का? छान," म्हटलं आणि फोन ठेवला. मग आत जाऊन इडलीचं पीठ असं घोटलं की हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "त्या पिठानं तुझं काय बिघडवलंय?" पोटच्या पोरीची बातमी हेब्बाळमार्गे येते म्हणजे काय, ते ह्यांना काय कळणार?

त्यानंतर आलं नवरात्र. आपल्या घराण्याला बेंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या की घट बसवतो तशा पायऱ्यांवर गोंबेही मांडतो, इथल्यासारख्या. गोंबे म्हणजे बाहुल्या, पण नुसत्या खेळण्याच्या नव्हेत. सगळ्यांत वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी. ती लग्नात मुलीला देतात. माझ्या मुलीची जोडी मात्र माझ्याकडेच राहिली, विमानात सामान जास्त झालं म्हणून. "आई, तू मांडत जा, माझ्या नावानं," म्हणाली होती. त्या वर्षी तिनं निरोप पाठवला, काकूकडूनच अर्थात. पोटात बाळ असतानाचं पहिलं नवरात्र, यायला जमत नाही, निदान माझी राजा-राणी वरच्या पायरीवर बसलेली मला दाखव. म्हणजे माझं घर, माझ्या पायऱ्या, माझी मुलगी, आणि दाखवणार कोण? तर ही!

खंडेनवमीला सकाळीच जाऊ आली, गळ्यात कॅमेरा अडकवून. आल्या आल्या हुकूम सुरू. "अक्का, स्वल्प बाजूला हो. तुझी सावली पडते राणीवर."

"माझ्या घरात माझीच सावली पडणार."

"पडू दे की, फोटो झाल्यावर पडू दे."

झाले एकदाचे फोटो. लगेच कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या काचेत दाखवले तिनं, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख आले होते. राणीच्या नथीचा ठिपकासुद्धा दिसत होता. मी म्हटलं, "बरे आहेत."

मग पूजा. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा. आता शस्त्रं कुठली, तर विळी, कात्री, शिवणयंत्र, ह्यांची स्कूटर. इथे तर सगळं शहरच त्या दिवशी बसला आणि कारखान्यातल्या लेथ यंत्राला कुंकू लावतं. जावेनं कॅमेरा पाटावर ठेवला, शेजारी फ्लॉप्या ओळीनं. ह्यांनी कॅमेऱ्याला वरून गंधाचं बोट लावलं आणि फ्लॉप्यांच्या डबीला लावायला गेले, तर ही म्हणाली, "तसं नको, भावोजी. वरच्या डबीत काय आहे? खरं काम करते ती आतली." आणि नखानं ते पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या काळ्या तबकडीला कुंकवाची चिमूट लावली. प्रत्येक फ्लॉपीला. वर माझ्याकडे असं बघितलं की बघ, मला आतलं ठाऊक आहे. माझा असा जळफळाट झाला की आरतीत माझा सूर दोनदा सुटला.

पूजा झाल्यावर त्याच फ्लॉप्या घालून तिनं आणखी फोटो काढले. कॅमेरा नेहमीपेक्षा मोठ्यानं कुरकुरतोय असं मला वाटलं. पण मी कोण बोलणार?

दसऱ्याच्या रात्री बाहुल्या झोपवल्या, म्हणजे राजा-राणीला आडवं केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जुन्या साड्यांत गुंडाळून माळ्यावर. त्या संध्याकाळी जावेचा फोन. "अक्का, फोटो बिघडलेत."

"बिघडलेत म्हणजे?"

"अर्धेच उघडतात. वर तुझी भिंत दिसते, खाली सगळं राखाडी. काहींवर जांभळे पट्टे. काही तर उघडतच नाहीत. तुझ्या घरी लाइटच्या माळा होत्या ना, त्याचंच काहीतरी झालंय."

माझ्या माळा! एक क्षण मला बरं वाटलं, की घ्या, बिघडलं हिचं यंत्र. मग डोळ्यांपुढे लेक आली, पोटावर हात ठेवून त्या पडद्यासमोर वाट बघत बसलेली, आणि ते बरं वाटणं तिथेच विरलं.

सकाळी दोन बस बदलून हेब्बाळला गेले. लेकीनं तोवर काकूला लांबलचक पत्र लिहून काय काय तपासायचं ते कळवलं होतं, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. जाऊ मोठ्यानं वाचत होती आणि मी शेजारी वेताच्या मोड्यावर बसून प्रत्येक "काकू" मोजत होते. आधी फ्लॉपी परत कॅमेऱ्यातच घालून बघा. घातली. तिथेही अर्धेच. म्हणजे दोष कंप्युटरचा नव्हे. मग कोरी फ्लॉपी घालून नवा फोटो काढा. कोरी पाकिटातून काढली, अंगणातल्या नारळाचा फोटो घेतला. नारळाचे झाप आले आणि बुंधा गायब!

"अय्यो, कॅमेराच गेला!" जाऊ मटकन बसली. "मुलाला काय सांगू मी आता?"

पत्रात शेवटी विचारलं होतं, मधल्या काळात कॅमेरा कुठे होता? धूळ, पाणी, काही लागलं का? जाऊ म्हणाली, "कुठे लागणार? देवासमोरच तर होता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "त्या दिवशीची एखादी फ्लॉपी दे बघू. आणि झाकण सरकव." सरकवलं. तबकडी फिरवली तशी तिच्यावर लाल वर्तुळ दिसलं, कंपासनं काढल्यासारखं गोल. चिमटीतलं कुंकू आत फिरत गेलं होतं आणि जाईल तिथे फोटो खरवडत गेलं होतं. तेच कॅमेऱ्याच्या आतही बसलं होतं, म्हणून कोरी फ्लॉपीही बिघडली.

जाऊनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "सरी, बरं बाई. तुझ्या माळांचा दोष नव्हता, माझ्या कुंकवाचा."

"कुंकूही माझ्याच घरचं होतं," मी म्हटलं. आणि काय सांगू, दोघीही हसायला लागलो.

कंप्युटरच्या दुकानातून साफ करायची फ्लॉपी आणली, तिच्यावर औषधाचे थेंब टाकून कॅमेऱ्यात फिरवली, पुन्हा पुन्हा. शेवटी नारळ बुंध्यासकट आला. पण पायऱ्यांचे फोटो गेले ते गेलेच.

"पुढच्या वर्षी घेऊ की," जाऊ म्हणाली.

"पुढच्या वर्षी तिला डोहाळे आहेत का? उद्या ये तू."

"अक्का, झोपवलेल्या बाहुल्या वर्षाच्या आत उठवत नाहीत."

"सगळ्या कोण उठवतंय? दोघांनाच उठवते."

दुसऱ्या दिवशी ह्यांना माळ्यावर चढवलं. हात जोडून राजा-राणीची क्षमा मागितली आणि सोडवलं त्यांना साडीतून. पायऱ्या नव्हत्या, म्हणून जोडी मांडीवर घेतली. जावेनं काढला फोटो. या वेळी सावली वगैरे काही म्हणाली नाही.

उत्तर आलं तेव्हा मी मुद्दाम हेब्बाळला गेले. म्हटलं, तू वाचू नकोस, मीच वाचणार. ती उठून आत गेली. अक्षर अक्षर लावत वाचलं. पहिलाच शब्द, आई. तुझ्या मांडीवर बघून रडले. बाळालाही अशीच घे. मी येते की तू येतेस?

पदरानं डोळे पुसून मान वर केली तर पडद्यावर पत्रांची यादी दिसली. वरपासून खालपर्यंत माझ्याच मुलीचं नाव. जावेच्या मुलाची पत्रं अधूनमधून, आणि प्रत्येकाचं शीर्षक प्रिंटरबद्दल किंवा बॅटरीबद्दल. जाऊ कॉफी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "काय बघतेस? त्याला आईला लिहायला सुचतच नाही गं. तुझी लिहिते, म्हणून तरी मी रोज ते यंत्र उघडते. उद्या तूच लिहायला शिकलीस की मला कोण लिहिणार?"

मी तिच्या हातची कॉफी घेतली. मत्सर गेला असं मात्र समजू नकोस हं. दर शनिवारी जायला लागले, एका खुर्चीवर दोघी अर्ध्या अर्ध्या बसायचो, आणि लेकीनं काकूला माझ्यापेक्षा एक ओळ जास्त लिहिली तर अजून टोचायचं. फक्त ती ओळ मी पुसायला सांगितली नाही कधी. आणि लिहायला शिकले ते माझ्यापुरतं, काकूची पत्रं तिची तिला ठेवली.

उठलीस? थांब, डबा देते. आणि तुमचं व्हाइटफील्ड इथून लांब पडतं हे मला सांगू नकोस. लवकर ये परत. आधी कळवायचंही नाही. मी घरीच असते, तू फक्त ये.