चार बोटं कमी

माझी मावशी मला भेटली की आधी चपला काढायला लावते. घर खराब होईल म्हणून नव्हे, उंची मोजायची असते म्हणून. मी चाळीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई आहे आणि माझी उंची वाढायची थांबली त्याला वीसच्या वर वर्षं झाली, हे तिला सांगून उपयोग नसतो. दाराच्या चौकटीला टाच, पाठ आणि डोकं टेकवायचं, तिने डोक्यावर लाकडी फळी ठेवायची आणि जो आकडा येईल तो मी मोठ्याने तीनदा म्हणायचा. मगच चहा मिळतो.

गावात तिला फूटपट्टीबाई म्हणतात. पूर्वी मागून म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. चौतीस वर्षं ती शाळेची नर्स होती. तिच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोर भिंतीला पाठ लावून उभं राहिलं आणि आपला आकडा तीनदा ओरडलं. असं का, म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणायची, वहीतला आकडा कुणीही खोडतो, पोराच्या तोंडातला खोडून दाखवा.

आमच्या आणि तिच्या गावामध्ये डोंगर एकच आहे. त्याच्या माथ्यावरून दोन देशांची हद्द जाते, पण तांबं काही ती हद्द विचारून जमिनीत बसलेलं नाही. दोन्हीकडे आहे. खरं सांगायचं तर मावशीच्या बाजूला जास्त आहे. खाणी दोन्हीकडे साधारण एकाच सुमाराला उघडल्या. माझी आई आणि मावशी नर्सिंगच्या शाळेत एकाच बाकावर बसल्या, आईने हद्दीच्या आमच्या बाजूचा मेकॅनिक नवरा केला आणि मावशी माहेरच्या बाजूलाच राहिली. नोकऱ्या दोघींना शाळांतच लागल्या. दरवर्षी शाळा सुरू झाली की दोघी एकमेकींना पत्र पाठवायच्या. पत्रात सासू, गुडघे, नवऱ्याचं घोरणं, सगळं असायचं आणि तळाला एक आकडा असायचा. सात वर्षांच्या मुलांची सरासरी उंची.

पहिल्या वर्षी दोन्हीकडे एकशे चौदा होती. आईने ते पत्र जपून ठेवलंय. पुढे आमचा आकडा चढत गेला आणि मावशीचा जागच्या जागी घुटमळत राहिला. तीस वर्षांनी आमच्याकडे एकशे एकवीस, तिच्याकडे एकशे पंधरा. सहा सेंटीमीटरचा फरक. मावशी त्याला चार बोटं म्हणते, कारण माझ्या आणि माझ्या मावसभावाच्या डोक्यावर हात आडवा ठेवला की तेवढाच फरक पडायचा. तो माझ्याहून महिनाभराने मोठा. सुट्टीत आम्ही चौकटीला उभे राहिलो की तो हळूच टाचा उचलायचा आणि मावशी त्याच्या पोटरीवर चापट मारायची. आता तो खाणीत मोठा ट्रक चालवतो आणि आईच्या ओरडण्यानेच आपण खुंटलो असं सगळ्यांना सांगत फिरतो.

आमच्याकडची माणसं देवमाणसं आहेत म्हणून आमची पोरं उंच झाली, असं कुणी समजू नये. आमच्याकडेही खातात, आणि चांगलं ढेकर देईपर्यंत खातात. पण आमच्याकडे एक कागद लागतो. दर महिन्याला पोस्टाच्या बाहेरच्या फळ्यावर. डोंगरातून किती माल गेला आणि त्यातून गावाला काय आलं, हे त्यावर लिहिलेलं असतं. लोक तो वाचतात आणि भांडतात. माझ्या वडिलांनी एकदा अख्खा रविवार नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या दारात काढला, तो कागद हातात धरून. इंजिनिअर मागच्या दाराने निघाला तर वडील मागच्या दाराशी. आमच्या गल्लीत नळ आला तेव्हा मी चार वर्षांची होते.

मावशीच्या गावात कागद लागला नाही. तिथे एक क्रीडांगण झालं, त्याला अजून छप्पर नाही. खाणीपासून बंदरापर्यंत गुळगुळीत रस्ता झाला. पाणी मात्र टँकरने येतं आणि कसलं येतं ते पोरांच्या पोटाला विचारा. खाल्लेलं अंगी लागत नाही, मग पोर वाढणार कशावर? मावशीने हे वरच्या कचेरीला इतक्या वेळा लिहिलं की शेवटी कंटाळून त्यांनी पहिल्या तीन वर्गांना रोज एकेक पेला दूध सुरू केलं. नियमही घातला. सात वर्षांच्या मुलांची सरासरी एकशे वीसच्या वर गेली की दूध बंद. मावशी म्हणाली, चालेल, तेवढी वाढू तर देत.

तिच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. वरून नवीन पट्ट्या आल्या. चकचकीत, रंगीत, बाजूला लांब मानेच्या जिराफाचं चित्र. एक रंगारी येऊन शाळाशाळांतून त्या भिंतीला चिकटवून गेला. दुसऱ्या दिवशी मावशी मोजायला बसली. दुसरीतली एक मुलगी उभी राहिली, आकडा आला एकशे अठरा. मुलगी तो म्हणेचना. मावशीने डोळे वटारले तरी म्हणेना. शेवटी पुटपुटली, "बाई, हा माझा नाही. माझा एकशे बारा आहे." आठवड्यापूर्वीच जुन्या लाकडी मापाला लागून तिने तो तीनदा ओरडला होता.

मावशीने चपला काढल्या आणि स्वतः पट्टीला लागली. उभा जन्म ती एकशे एक्कावन्न होती. साठीला टेकता टेकता एकशे सत्तावन्न झाली. मग ती गुडघ्यावर बसली आणि पट्टीचा तळ पाहिला. जमिनीला टेकलेला पहिला आकडा शून्य नव्हता. सहा होता.

अंगाचा तिळपापड झाला तरी तिने आधी रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आठ दिवसांत आलं, एरवी आठ महिने लागतात. नवीन पट्टी प्रमाणित आहे, जुनी मापं वापरू नयेत, ती जमा करावीत. तेव्हाच तिला कळलं की ही चूक नाही. पोरं वाढवायला नळ लागतात, वर्षं लागतात. पट्टी कापायला कात्री पुरते. एकशे पंधरात सहा मिळवले की बरोबर आमचा आकडा येतो. शेजाऱ्यांशी बरोबरी झाली आणि दूध बंद करायलाही मोकळे झाले, एका कात्रीत दोन कामं.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता, फक्त भित्रा होता. त्याने तिला समजावलं की आठ महिनेच राहिलेत, पेन्शन हातात पडू द्या, मग काय बोलायचं ते बोला. मावसभावानेही तेच सांगितलं. मावशीने दोघांचं ऐकून घेतलं आणि लाकडी माप जमा करण्याऐवजी स्वतःच्या खाटेखाली सरकवलं.

पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याचे मोठे साहेब येणार असं ठरलं. समारंभ शाळेतच होता. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिने मला पाठवलं. म्हणाली, तुझी मावशी काहीतरी करणार आहे, तू तिथे असलीस तर कमी करेल. आईला एवढ्या वर्षांत बहीण कळली नाही याचं मला नवल वाटलं.

मावशीची खोली लहान आहे. एक टेबल, एक तपासणीची खाट, वजनकाटा आणि भिंतीवर तो जिराफ. त्या दिवशी खोलीत आणि बाहेरच्या ओट्यावर मुलांच्या पन्नासेक आया दाटीने उभ्या होत्या. भिंतीला नवीन फलक टांगला होता, त्यावर हातात हात घेतलेली दोन सारख्या उंचीची मुलं आणि वर मोठ्या अक्षरांत 'बरोबरी'. साहेबांनी भाषण केलं. आपण शेजाऱ्यांना गाठलं, म्हणाले. आता दुधाची गरज उरली नाही, हे आपल्या यशाचंच लक्षण आहे, एक तारखेपासून योजना थांबेल, म्हणाले. टाळ्या पुढच्या रांगेत बसलेल्या कारकुनांनी वाजवल्या. आयांनी वाजवल्या नाहीत. पेला गेला एवढं त्यांना कळलं होतं, पण समोर छापील आकडा होता आणि छापील आकड्याशी कसं भांडायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग साहेबांनी एखाद्या मुलाची उंची मोजून दाखवा अशी इच्छा व्यक्त केली, फोटोसाठी. मावशी पुढे झाली. अतिशय गोड आवाजात, जो मी आयुष्यात दोनदाच ऐकलाय, ती म्हणाली, "साहेब, पोरं लाजतात. आधी तुम्ही उभे राहा, म्हणजे ती येतील."

साहेब खूश झाले. फोटोवाला सरसावला. मावशीने त्यांना बूट काढायला लावले, टाचा भिंतीला टेकवायला लावल्या, फळी डोक्यावर ठेवली.

"आता वळून बघा आणि काय आलं ते मोठ्याने म्हणा. माझ्या खोलीत ज्याचा आकडा त्याने म्हणायचा असतो."

साहेब वळले. "एकशे सत्तर," ते म्हणाले, आणि लगेच, सवयीने, हसून, "छे, मी एकशे चौसष्ट आहे. लष्करात भरती झाल्यापासून एकशे चौसष्ट. तुमची पट्टी चुकलीय, बाई."

आपण काय बोलून बसलो ते साहेबांना आमच्या सगळ्यांच्या नंतर कळलं. मोजे घातलेले पाय एकमेकांवर चोळत ते तसेच उभे राहिले.

"आकडा तीनदा म्हणायचा असतो," मावशी म्हणाली. तिचा गोड आवाज संपला होता. "पण राहू दे. साहेब स्वतः म्हणाले, पट्टी चुकलीय. सहाने चुकलीय. माझी पोरं चार बोटं कमी आहेत, आणि ती चार बोटं भरून निघेपर्यंत दूध कुणी बंद करायचं नाही."

मागून एक आई म्हणाली, माझी उंची ओळखपत्रावर लिहिलीय, मला उभी करा. मग दुसरी. मग रांगच लागली. प्रत्येक बाई येऊन उभी राहिली, प्रत्येकीची उंची सहाने वाढली आणि प्रत्येकीने आपला खरा आकडा मोठ्याने म्हटला. साहेब चौथ्या बाईपर्यंत होते, मग गाडीकडे गेले. घाईत ते बुटांच्या नाड्या न बांधताच गेले. मला तेव्हा रडू का आलं कोण जाणे, मी काही त्या देशाची नाही.

मावशीला आठवडाभरात बदलीचा कागद आला. उरलेले महिने तिने गावाबाहेरच्या औषधाच्या गुदामात बँडेजच्या गुंडाळ्या मोजत काढले. शाळेने दिलेलं घर सोडावं लागलं, दोन खोल्यांत मुलाकडे राहायला गेली. त्याने दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच लाकडी माप चौकटीला ठोकून दिलं. इतर गावांतल्या आयांनी ओळखपत्रं घेऊन आपापल्या शाळा गाठल्या. पट्ट्या निघाल्या, पुन्हा मोजणी झाली आणि सरासरी निघाली एकशे पंधरा. नियम त्यांचाच होता, एकशे वीसच्या खाली दूध चालू. चालू राहिलं.

त्याला तीन वर्षं झाली. शनिवारी पोरं आता मावशीच्या दारात मोजून घ्यायला येतात. यंदा तिने आईला आकडा कळवला, एकशे सोळा. आईने फोनवर विचारलं, एवढ्या दुधावर एकच? मावशी म्हणाली, "ताई, एकच. पण तो पोरांच्या हाडात आहे. आणि दुधाने एवढंच होणार, पुढचं पाण्यावर आहे."

तिने आता नवीन खूळ काढलंय. दर महिन्याला ती दाराच्या फळीवर एक कागद लावते. वर पोरांची सरासरी, आपल्याकडे किती आणि शेजारच्या देशात किती, आणि त्याखाली त्या महिन्यात किती दिवस टँकर आला नाही. मुलगा खाणीतून किती ट्रक भरून गेले ते मोजून सांगतो, तेही ती लिहिते. हे त्याच्या नोकरीवर बेतेल, असं मी तिला म्हटलं. तो आतून ओरडला की बेतू दे, माझी चार बोटं त्यांनी आधीच खाल्लीत.

गेल्या खेपेला मी चपला काढल्या, उंची मोजून घेतली, चहा प्यायले आणि निघाले. दारात अकरा बायका उभ्या होत्या. एकीने कागद काढून हातात घेतला होता, आणि नगरपालिकेच्या इंजिनिअरचं घर कुठल्या गल्लीत आहे ते त्या एकमेकींना विचारत होत्या. मी त्यांना सांगितलं, जायचं तर रविवारी जा आणि अर्ध्या जणी मागच्या दाराशी उभ्या राहा.