एका घासाने काय होतंय

बोडिलच्या घरी कॉफीला जाणं म्हणजे आमच्या दक्षिण जटलंडात परीक्षाच. सात मऊ केक, सात कुरकुरीत. एकाला जरी हात लावला नाही तरी बाई वर्षभर डूख धरणार. मी तिची सख्खी शेजारीण, मी ते भोगलंय.

तिचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा तिला नवी गोळी सुरू झाली. कॅन्सरच्या पेशी अधाशासारखी साखर ओढतात, आणि ही गोळी नेमकी ती ओढच दाबते. पण गोळीमुळे रक्तातली साखर चढते, मग शरीर इन्सुलिन ओततं आणि त्यानेच त्या पेशी परत जाग्या होऊ शकतात. "म्हणून गोड बंद. अगदी बंद," डॉक्टर लॉरिट्सेनबाईंनी बजावलं.

बोडिलने खरंच बंद केलं. रोज बोट टोचून साखर बघायची, केक करायची ते फक्त दुसऱ्यांसाठी. उन्हाळ्यात तपासणीच्या चित्रात हाडांवरचे डाग फिके दिसले. तिचा नवरा निस अंगणात शीळ घालत फिरायला लागला.

गावाला मात्र ते बघवेना. शरदात सभागृहात कॉफीचा कार्यक्रम होता. सगळ्यांच्या ताटल्या भरलेल्या आणि बोडिलपुढे नुसती काळी कॉफी.

"आमच्या हातचं चालत नाही वाटतं आता?" बाजूला बसलेल्या थीराने ताटली पुढे सरकवली. "किती वाळलीस गं! एका घासाने काय होतंय?"

"थीरा, सोड तिला," मी म्हणाले.

"तू गप्प बस. तुझा काळ्या पावाचा केक आधी फुगू दे!"

सगळ्या खिदळल्या. बोडिलही हसली, आणि ओशाळून तिने घास घेतला.

मग प्रत्येक घरी तेच. साखर बघायचं यंत्र खणात गेलं. माझा नुसता संताप व्हायचा. निसला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, कितीतरी दिवसांनी चारचौघांत हसतेय ती." मला त्या हसण्याचीच भीती वाटत होती.

हिवाळ्यात तपासणीला मीच तिच्याबरोबर गेले. उपाशीपोटी नेतात, किरणोत्सारी साखर टोचतात आणि अंगात ती कोण खातंय ते बघतात; जिथे खाल्ली जाते तिथे चित्र काळं दिसतं. चित्रात मणक्यापासून कमरेपर्यंत काळं झालं होतं.

"गोळी कधीकधी अशीही हरते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "कशामुळे, ते नक्की सांगता येणार नाही."

बोडिल चित्राकडे बघत राहिली. "माझ्या हातचं इतकं आवडीने कुणी खाल्लं नसेल," ती म्हणाली.

रविवारी तिने सगळ्यांना कॉफीला बोलावलं. बातमी आधीच पोचली होती. सात मऊ, सात कुरकुरीत, सगळं मांडलेलं. स्वतःच्या ताटलीत तिने प्रत्येकातला तुकडा घेतला आणि सावकाश खायला लागली. बाकी कुणाचा हात उठेना. थीरा मांडीवरचा रुमाल चुरगळत बसली होती.

बोडिलने ताटली तिच्यापुढे सरकवली.

"घे ना, थीरा. एका घासाने काय होतंय?"